१४२ बदल आणि एक परिच्छेद

फोन हातात आहेच, तर आधी एक काम करा. मराठी विकिपीडिया उघडा आणि आपल्या गावाचं नाव टाका. जिल्ह्याचं ठिकाण नको, खेडं. पान बहुतेक सापडेल. पहिल्या ओळीत अमुक जिल्ह्यातल्या अमुक तालुक्यातलं हे एक गाव आहे एवढं असेल. खाली मथळे असतील: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. आणि मथळ्यांखाली बऱ्याचदा काहीच नसेल. हवामानाखाली काही असलंच, तर तेच वाक्य शेजारच्या गावाच्या पानावर जसंच्या तसं सापडेल.

आमच्या तालुक्यातली अशी पानं मी एका रात्री एकामागून एक बघत बसलो होतो. आमचा तालुका उजनीच्या बॅकवॉटरला लागून आहे. धरणात गेलेली गावं, उठून दुसरीकडे वसलेली गावठाणं, मे महिन्यात पाणी उतरलं की वर येणारी जुनी देवळं, काठाकाठाने चालणारी मासेमारी, ऊस, केळी. यातलं त्या पानांवर काहीही नाही. गावाचं नाव झाकून पान वाचायला दिलं, तर गावचा सरपंचसुद्धा ओळखणार नाही.

ज्यांनी ही पानं केली त्यांना नावं ठेवायला ही पोस्ट लिहीत नाहीये. त्यांचा विचार साधा होता. प्रत्येक गावाला आधी जागा तरी करून ठेवू, पुढे गावातलं कुणीतरी येऊन भरेल. ते कुणीतरी आलं नाही. शिवाय लेखसंख्या हा आकडा मुखपृष्ठावरच झळकतो. हिंदीचे किती, तमिळचे किती, आपण कितव्या नंबरवर, ही शर्यत सगळ्या भाषांमध्ये चालते. एकदा आकडा लावला की माणसं आकड्यासाठी खेळतात. आज नेमकं त्यावरच बोलायचंय.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांच्यातून तिथे नियमित लिहिणारे मूठभर. पगार नाही, मानधन नाही, लेखाखाली नाव नाही. अशा कामाला नवी माणसं आणायची कुठून? ही अडचण फक्त आपली नाही. इंग्रजी विकिपीडियावरसुद्धा सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये सगळ्यात जास्त होती, मग वर्षानुवर्षं घसरत गेली. तेव्हापासून एक उपाय पुन्हा पुन्हा सांगितला जातो: कामाचा खेळ करा. गुण द्या, बिल्ले द्या, पातळ्या ठेवा, पहिल्या दहांची यादी लावा. याला गेमिफिकेशन म्हणतात.

शब्द नवा वाटला तरी प्रकार आपण सगळ्यांनी अनुभवलाय. २०१९ ची दिवाळी आठवा. गुगल पेवर रांगोळीचा स्टॅम्प मिळवण्यासाठी अख्खा महाराष्ट्र एकमेकांना मेसेज करत होता. पाच स्टॅम्प जमले की २५१ रुपये. गुगल मॅपवर दुकानाचा फोटो टाकला की 'लोकल गाईड' म्हणून गुण मिळतात, गुणांवर पातळी वाढते, दहाव्या पातळीपर्यंत. आमच्या बसस्टँडसमोरच्या एका वडापावच्या गाड्याचे मॅपवर इतके फोटो आहेत की आमच्या ग्रामीण रुग्णालयाचेही तेवढे नसतील. टाकणाऱ्यांनी गाड्यावरच्या प्रेमापोटी टाकले असतील, पण गुणांचाही हात आहेच.

माझ्या धंद्यातला अनुभव सांगतो. आम्ही पत्रकारितेत आलो तेव्हा तालुक्याच्या वार्ताहराला काही ठिकाणी कॉलम सेंटीमीटरवर पैसे मिळायचे. म्हणजे छापून आलेली बातमी पट्टीने मोजायची. मग व्हायचं काय? पाणीटंचाईची बातमी आठ ओळींत संपायची, आणि सत्काराच्या बातमीत व्यासपीठावरची झाडून सगळी नावं, आभार प्रदर्शन, सूत्रसंचालन, 'यावेळी मोठ्या संख्येने ग्रामस्थ उपस्थित होते'पर्यंत सगळं. वार्ताहर लबाड नव्हता. पट्टी लावणाऱ्याने पट्टी चुकीच्या जागी लावली होती. आता पट्टी गेली आणि क्लिक आले. तो वेगळा विषय, कधीतरी लिहीन.

ही पट्टी विकिपीडियावर लागली तर काय होतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

मराठी भाषा पंधरवड्यात एका कॉलेजने विकिपीडिया कार्यशाळा ठेवली होती. मला पाहुणा म्हणून बोलावलं, शाल-श्रीफळासकट. कॉम्प्युटर लॅब, चाळीसेक पोरं, शिकवायला पुण्याहून आलेला एक मनापासून काम करणारा तरुण. पहिला तास शिकवण्यात गेला. मग स्पर्धा. दोन तासांत सगळ्यात जास्त बदल करणाऱ्याला ट्रॉफी, बाकी सगळ्यांना ई-सर्टिफिकेट. प्रोजेक्टरवर डॅशबोर्ड लावलेला, कुणाचे किती बदल झाले ते सतत दिसतंय. आधी पोरं 'सर, सर्टिफिकेट नक्की मिळणार ना' एवढंच विचारत होती. बोर्ड लागला आणि लॅबचं क्रिकेटचं मैदान झालं. मी तर म्हणेन, इतक्या उत्साहात आपल्या पोरांना मराठीसाठी काही करताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

पहिला आलेल्या मुलाचे १४२ बदल झाले. बीएस्सीचा, चुणचुणीत. त्याने एक युक्ती शोधली होती. गावांची पानं एकामागून एक उघडायची आणि प्रत्येकात 'किमी'चं 'कि.मी.' करायचं. मी त्याच्या मागे उभा राहून बघत होतो, मिनिटाला एकापेक्षा जास्त चालले होते. पोराचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. नियम त्याने केला नव्हता.

त्याच लॅबमध्ये मागच्या रांगेत एक मुलगी दोन तास एकाच पानावर बसली होती. तिचं गाव उजनीत गेलेल्या गावांपैकी. नव्या गावठाणाच्या रिकाम्या पानावर तिने 'लोकजीवन' या मथळ्याखाली अकरा ओळी लिहिल्या. जुनं गाव कुठे होतं, कोणता देव उचलून नव्या गावात आणला, शाळेचे दगड कशाला वापरले, मे महिन्यात अजून कोणती विहीर दिसते. सगळं तिच्या आजीकडून ऐकलेलं. बोर्डावर तिच्या नावापुढे आकडा होता १. शेवटून पहिली.

ट्रॉफी माझ्याच हस्ते दिली. फोटो निघाले, बातमी आली.

दुसऱ्या दिवशी तिच्या अकरा ओळी पुसल्या गेल्या. कारण: संदर्भ नाही. 'कि.मी.'चे १४२ बदल मात्र जागच्या जागी राहिले, कारण त्यांना संदर्भ लागत नाही.

इथे एक स्पष्ट सांगतो. पुसणाऱ्याने नियमाप्रमाणेच केलं, आणि तो नियम मला मान्य आहे. ऐकीव गोष्ट ज्ञानकोशात जायला लागली तर उद्या प्रत्येक गाव पांडवांनी वसवलेलं निघेल. मला खटकलं ते वेगळंच. तिला मिळाला तो अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी असा एक ठोकळेबाज संदेश. त्यात संदर्भ म्हणजे काय हेही नीट सांगितलेलं नव्हतं. ती मला रस्त्यात भेटली आणि एवढंच म्हणाली, "सर, मी काय खोटं लिहिलं होतं का?"

अशा मुलांचं पुढे काय होतं, याचा इंग्रजी विकिपीडियावर अभ्यास झालेला आहे. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की चांगल्या हेतूने आलेल्या नव्या माणसांचे बदल पूर्वीपेक्षा जास्त प्रमाणात पुसले जाऊ लागले आणि ती माणसं परत यायची थांबली. पुसायला साधनं आहेत. बदल एकामागून एक समोर येत राहतात, एक कळ दाबली की बदल रद्द आणि इशारा आपोआप रवाना. त्यातल्या काही साधनांवर कुणी किती तपासलं याची यादीही लागते. म्हणजे बघा, येणाऱ्यासाठी खेळ आहे आणि पुसणाऱ्यासाठीही खेळ आहे. दोन्ही खेळ एकाच पानावर चालू, आणि दोघे एकमेकांशी बोलतच नाहीत.

बक्षिसाचा खेळ किती महाग पडू शकतो हे आपल्या पुण्याने जगाला दाखवलंय. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही कॉलेजांमध्ये एक प्रकल्प केला. विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. इथे बक्षीस म्हणजे मार्क. शेकडो पोरं आली. आणि आपल्याकडे असाइनमेंट जशी लिहिली जाते तशीच त्यांनी लिहिली, पुस्तकातून आणि वेबसाइटवरून उतरवून. कॉपीराइटचा भंग इतक्या मोठ्या प्रमाणावर झाला की जगभरचे स्वयंसेवक ते साफ करत बसले, आणि वर्ष संपायच्या आत तो प्रकल्प गुंडाळावा लागला. त्या वेळी इंग्रजीत भारतीय विद्यार्थ्यांवर बरीच टीका झाली. मला वाटतं, दोष पोरांच्या माथी मारणं सोपं होतं. बारावीपर्यंत ज्याला 'स्वतःच्या शब्दांत लिहा' याचा अर्थ कुणी सांगितला नाही, तो मार्क दिसल्यावर उतरवणारच.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. सॉफ्टवेअरवाल्यांचा 'हॅकटोबरफेस्ट' नावाचा उपक्रम आहे. त्यात पूर्वी ऑक्टोबर महिन्यात खुल्या प्रकल्पांना चार सुधारणा सुचवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये टी-शर्टसाठी निरर्थक सुधारणांचा असा पूर आला की प्रकल्प चालवणारे रडकुंडीला आले. शेवटी महिना सुरू होऊन चार दिवस होत नाहीत तोच आयोजकांना नियम बदलावा लागला: जो प्रकल्प आपणहून 'आम्ही सहभागी आहोत' म्हणेल तिथल्याच सुधारणा धरायच्या.

तर मग खेळच नको का? असं माझं म्हणणं नाही. काही ठिकाणी खेळ हेच काम असतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी २००८ मध्ये 'फोल्डिट' हा खेळ आणला, प्रथिनांच्या घड्या घालण्याचा. माकडांमधल्या एड्ससारख्या रोगाशी संबंधित विषाणूच्या एका विकराची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ सुटत नव्हती. २०११ मध्ये खेळणाऱ्यांनी ती तीन आठवड्यांत सोडवली. तिथे गुण वाढवायचे तर घडी जास्त चांगली घालावीच लागते, फसवायला वाव नाही. आपल्या गावाबद्दल खरी माहिती लिहिण्याला अशी पट्टी लावता येत नाही. अक्षरं मोजली तर अक्षरं वाढतील. गंमत म्हणजे काही स्पर्धांत मजकूर बाइटमध्ये मोजतात, आणि देवनागरीचं एक अक्षर संगणकात तीन बाइट खातं, इंग्रजीचं एक. म्हणजे पट्टीच आपल्याकडे तिप्पट फुगलेली.

आता मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारे दोन प्रयोग सांगतो. दोन्ही विकिपीडियावरच झालेले.

पहिला, 'द विकिपीडिया अ‍ॅडव्हेंचर'. नव्या माणसाला संपादन शिकवणारा इंग्रजीतला खेळ, सात टप्प्यांचा, चित्रं, बिल्ले, गोष्ट, सगळं असलेला. मेहनतीने केलेला. त्याचा रीतसर अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी खेळला त्यांना तो आवडला, आपल्याला जमेल असं वाटलं. पण जवळपास दोन हजार नव्या सदस्यांवर तपासलं तेव्हा, ज्यांना खेळाचं आमंत्रण गेलं आणि ज्यांना गेलं नाही, त्यांच्या पुढच्या कामात फरक सापडला नाही.

दुसरा प्रयोग जर्मन विकिपीडियावर. याना गालुस या संशोधक बाईंनी केला, त्याचा अभ्यासही २०१७ मध्येच प्रसिद्ध झाला. चार हजारांवर नवे सदस्य घेतले. त्यातल्या काहींना चिठ्ठी काढल्यासारखं निवडून एक साधा सन्मान दिला, 'एडलवाइस' या आल्प्सच्या फुलाच्या नावाचा. पैसे नाहीत, वस्तू नाही. त्यांच्या चर्चापानावर एक संदेश आणि सन्मानितांच्या यादीत नाव, बस्स. ज्यांना तो मिळाला त्यांच्यात पुढच्या महिन्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांनी जास्त निघालं, आणि परिणाम वर्षभर दिसत राहिला.

आता हेही गेमिफिकेशनच आहे, कुणी बिल्ला म्हणेल. पण मला दोन्हींत फरक दिसतो. पहिल्यात यंत्र शाबासकी देतं, तीही काम करण्याआधी, सरावाला. दुसऱ्यात काम झाल्यावर कुणीतरी तुमचं नाव घेऊन सांगतं की आम्ही बघितलं. 'विकिपीडिया आशियाई महिना' नावाची स्पर्धा दर नोव्हेंबरला होते. ठरावीक लांबीचे काही लेख लिहिले आणि परीक्षकांनी तपासून मान्य केले, की सुरुवातीच्या वर्षांत दुसऱ्या देशातल्या विकिपीडियाकडून तुम्हाला खरंखुरं पोस्टकार्ड यायचं. पोस्टमन घेऊन यायचा. मला हे फार आवडलं. किंमत काय त्याची, पण लेख वाचल्याशिवाय ते पाठवता यायचं नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते राहिलंच. दोनेक महिन्यांनी तिच्या चर्चापानावर एका जुन्या मराठी संपादकाने स्वतः टाइप करून लिहिलं. कोण, कुठले, मला माहीत नाही, टोपणनाव आहे. त्यांनी पुसलेल्या अकरा ओळी इतिहासातून काढून वाचल्या होत्या. मजकूर मोलाचा आहे म्हणाले, आणि काय चालेल ते सांगितलं: जिल्हा गॅझेटियर, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, पुनर्वसनाची शासकीय अधिसूचना, छापलेलं वर्तमानपत्र किंवा साप्ताहिक. ती फोन दाखवत माझ्याकडे आली. "सर, जुनं साप्ताहिक कुठे मिळेल?"

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या माळ्यावर एका बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकाचे बांधीव अंक आहेत. काही वाळवीने खाल्लेत. दोन रविवार आम्ही धूळ खात बसलो. तिचं गाव हललं तेव्हाची बातमी सापडली, आतल्या पानावर, तीन परिच्छेद. त्या आधारावर अकरापैकी चार ओळी पानावर परत गेल्या आणि अजून आहेत.

सात ओळी बाहेर राहिल्या. देवाची मिरवणूक, शाळेचे दगड, विहीर. कारण ते कुणी कधी छापलंच नाही. त्या काळात आमच्या धंद्याने धरणाच्या उद्घाटनाला कोण मंत्री आले ते छापलं, आणि गाडीत चूल घालून निघालेल्या बाईला विचारलं नाही.

आजीची मुलाखत मग मी घेतली. जिल्हा आवृत्तीत आली, तिच्या नावाने, तिची आठवण म्हणून. कुणी म्हणेल, संदर्भ हवा म्हणून बातमी तयार केली. नाही. ती बातमी चाळीस वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. आणि विकिपीडियावर ते 'अशी आठवण गावातले लोक सांगतात' असंच जाईल, इतिहास म्हणून नाही. मुलगी आता अधूनमधून लिहिते. महिन्याला दोन-तीन बदल. कुठल्याही बोर्डावर ती वर येणार नाही. ट्रॉफीवाला मुलगाही मला परवा भेटला. त्याला म्हटलं, तुझ्याकडे वेग आहे, आमच्या तालुक्याच्या पानांमधली जनगणनेची आकडेवारी तपासून दे. हो म्हणालाय. बघू.

पंधरवड्याच्या नावाखाली स्पर्धा ठेवणाऱ्या कॉलेजांना, वाचनालयांना माझी एक सूचना आहे. ट्रॉफीचे पैसे वाचवा. त्याऐवजी ज्याला संपादन येतं असा एक माणूस तीन महिने पोरांच्या मागे ठेवा, पुसलं का, का पुसलं, आता काय करायचं, हे मराठीत सांगणारा. मोजायचंच असेल तर सहा महिन्यांनी किती जण उरले ते मोजा. आणि एक आकडा पोरांना जरूर दाखवा. विकिपीडियावर प्रत्येक पान महिन्यात किती वेळा उघडलं गेलं ते कुणालाही बघता येतं. त्या चार ओळींचं पान कुणीतरी उघडतंय हे दाखवल्यावर ती मुलगी काय म्हणाली माहितीये? "पुण्याला गेलेले आमचेच लोक असतील." असतील.

तर, येत्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा आम्ही वाचनालयात बसतोय. मी, ती मुलगी आणि संपादन येणारे आणखी एक शिक्षक. ज्यांच्या घरी जुन्या साप्ताहिकांचे अंक, गावाच्या यात्रेची छापील पत्रकं, सोसायटीचे अहवाल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असतील, त्यांनी रद्दीत घालायच्या आधी एकदा दाखवा. फोटो काढून लगेच परत देऊ. धरणग्रस्त गावांतली ऐंशीच्या पुढची माणसं माहीत असतील तर गाव आणि कुणाला भेटायचं ते मेसेज करा, मी स्वतः येतो. वाचनालयाचा वरचा मजला, जिना अरुंद आहे, जपून या.